धाकट्यांचा वर्ग, थोरल्यांचा कार्यानुभव

शिक्षकांच्या बैठकींत एक सूचना अधूनमधून पुढे येते. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आठवड्यातून दोन-तीन तासिका पहिली ते चौथीच्या वर्गात पाठवावे, त्यांनी लहानांना वाचायला, मोजायला, लिहायला मदत करावी आणि हे काम त्यांच्या कार्यानुभवात धरावे. सूचना ऐकताक्षणी पटते. खडूचे साचे नकोत, मेणबत्त्यांचे मेण नको, कागदी पिशव्यांसाठी डिंक नको. थोरल्यांना जबाबदारीची सवय लागते, धाकट्यांना ताई-दादा मिळतात आणि एकट्या शिक्षकाच्या मदतीला आणखी दोन हात येतात. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की या हिशेबात तिघांचाही फायदा जमेस धरलेला असतो आणि खर्च मात्र कोणाच्याच नावे मांडलेला नसतो. प्रयोगशाळेत असा हिशेब समोर आला तर आम्ही तो पुन्हा एकदा तपासतो. येथेही तसेच करावे असे आम्हाला वाटते. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. धाकट्याला काय मिळाले? थोरल्याला काय मिळाले? आणि हे दोन्ही पाहणारा प्रशिक्षित शिक्षक त्या वेळी कुठे होता? कल्पना नवी नाही. तिच्यामागे दोनशेहून अधिक वर्षांचा अनुभव आहे आणि त्याची सुरुवात योगायोगाने आपल्याच देशात झालेली आहे.

धूळपाटीवरून निघालेली पद्धत

अँड्र्यू बेल हे स्कॉटिश गृहस्थ १७८९ साली मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथालयाचे प्रमुख झाले. हे अनाथालय लष्करातील सैनिकांच्या मुलांसाठी होते. जवळपासच्या देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. आपण जिला धूळपाटी म्हणतो तीच ही. कागद आणि शाई वाचवणारी ही युक्ती त्यांना फार आवडली. त्यांच्या हाताखालच्या शिक्षकांना मात्र ती मानवली नाही. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडेच खालचा वर्ग सोपवला. त्याने तो चालवून दाखवला. पुढे सबंध शाळाच विद्यार्थी-शिक्षकांवर चालू लागली आणि १७९७ साली बेल यांनी लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त छापला. १७९८ मध्ये जोसेफ लँकास्टर यांनी लंडनच्या सदर्क भागात शाळा काढली आणि जवळजवळ याच पद्धतीने शेकडो मुले एका दालनात बसवली. विद्यार्थ्यांतून नेमलेल्या या शिक्षकांना ‘मॉनिटर’ म्हणत. आपल्या वर्गातला मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहितो. या मॉनिटरकडे शिकवण्याचेही काम होते.

आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पंतोजींच्या शाळेतही वरचा विद्यार्थी खालच्याकडून मुळाक्षरे गिरवून घेत असे. पण लंडनमध्ये ही पद्धत झपाट्याने पसरली ती तिच्या शैक्षणिक गुणांपेक्षा स्वस्ताईमुळे, हे विसरून चालणार नाही. एका पगारात शेकडो मुले शिकून निघत असतील तर कोणत्या संस्थाचालकाला ते नको असेल?

या स्वस्ताईची किंमत अभ्यासक्रमाने दिली. मॉनिटर स्वतः जे नुकतेच शिकलेला असे तेच तो पुढे देऊ शके. त्यामुळे जे तसेच्या तसे पुढे देता येते तेवढेच त्या शाळांत टिकले. अक्षरे, शब्दांची स्पेलिंगे, पाढे, धर्माची प्रश्नोत्तरे ही सगळी पाठांतराची सामग्री होय. ‘असे का?’ हा प्रश्न एखाद्या मुलाला पडला तर त्याचे उत्तर देण्याची सोय या रचनेत कुठेच नव्हती.

पंचवीस मुलांमागे एक

इंग्लंडमध्ये ही उणीव ज्यांच्या लक्षात आली त्यांत जेम्स के-शटलवर्थ हे शिक्षणखात्यातील अधिकारी प्रमुख होते. हॉलंडमधील शाळा पाहून आल्यावर त्यांनी १८४६ साली नवी योजना आखली. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. तेरा वर्षांच्या मुलामुलींना पाच वर्षांसाठी प्राथमिक शाळेत शिकाऊ शिक्षक म्हणून घ्यायचे. पंचवीस मुलांमागे एक शिकाऊ. त्याला पहिल्या वर्षी दहा पौंड विद्यावेतन, ते वाढत पाचव्या वर्षी वीस पौंड. दिवसभर त्याने वर्गात काम करायचे. आणि योजनेतले सर्वांत मोलाचे कलम असे, की मुख्याध्यापकाने त्याला रोज दीड तास स्वतः शिकवायचे, त्याबद्दल मुख्याध्यापकालाही वेगळे मानधन मिळायचे, आणि दर वर्षी तपासनीस येऊन त्या शिकाऊची परीक्षा घ्यायचा.

म्हणजे मुलाला वर्गात उभे करण्याची किंमत या योजनेने कबूल केली होती. ती किंमत पैशांत होती, वेळात होती आणि अनुभवी माणसाच्या लक्षात होती. योजनेतही दोष होते. तेरा वर्षांचे पोर दिवसभर पंचवीस मुलांपुढे उभे राही आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास करी. त्यात त्याचे शरीर आणि बुद्धी दोन्ही थकत असणार. तरीही हाताखाली घेतलेल्या मुलाची जबाबदारी कोणावर आहे, हे तेथे स्पष्ट होते.

पुढे काय झाले ते पाहावे. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये नवे नियम आले. शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर ठरू लागले. शिकाऊंचे विद्यावेतन सरकारने थेट देण्याचे बंद केले आणि त्यांना आठवड्याला जे साडेसात तास शिकवायचे ते पाचावर आले. शिकाऊ वर्गात उभा राहिलाच, कमी झाला तो त्याच्या शिकण्याचा वेळ. काटकसर करायची वेळ आली की कात्री नेमकी कुठे लागते, याचे हे जुने पण अगदी नेमके उदाहरण आहे. शेवटी १९०३ च्या नियमांनी शिकाऊंचे किमान वय साधारणतः सोळा केले, त्यांना अर्धवेळच वर्गावर ठेवले, आणि आधी स्वतःचे माध्यमिक शिक्षण हे तत्त्व रुजू लागले. तेथवर पोहोचायला त्या देशाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

साडेतीन वर्षांची प्रगती, सात महिन्यांत!

विसाव्या शतकात या कल्पनेला पुन्हा उजाळा मिळाला तो अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत १९६० च्या दशकात एक मोठा प्रयोग झाला. दहावी-अकरावीचे विद्यार्थी चौथी-पाचवीच्या, वाचनात मागे पडलेल्या मुलांना शिकवू लागले. त्याचे निष्कर्ष रॉबर्ट क्लोवर्ड यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले आणि आजवर ते या विषयावरच्या लेखांतून सांगितले जातात.

आठवड्याला चार तास मदत मिळालेल्या धाकट्यांची वाचनातील प्रगती पाच महिन्यांत सहा महिन्यांइतकी झाली. मदत न मिळालेल्या तुलनेच्या गटात ती साडेतीन महिन्यांइतकी होती. आठवड्याला दोनच तास मिळालेल्यांत असा खात्रीचा फरक दिसला नाही. हा निष्कर्ष चांगला आहे, माफक आहे, आणि म्हणूनच विश्वास ठेवण्याजोगा आहे. परंतु गाजला तो दुसरा आकडा. शिकवणाऱ्या थोरल्यांची स्वतःची वाचनातील प्रगती सात महिन्यांत ३.४ वर्षांइतकी झाली!

हा आकडा व्याख्यानात सांगितला की सभागृह भारावून जाते. पण त्याच तक्त्यात दुसरा आकडा आहे. ज्यांनी कोणालाही शिकवले नाही त्या तुलनेच्या गटातील थोरल्यांची प्रगतीही त्याच काळात १.७ वर्षांची झाली होती. सात महिन्यांत पावणेदोन वर्षे, तीही काहीच न करता! याचा अर्थ मोजपट्टीत काहीतरी सैल आहे. अशा चाचण्यांत गुणांचे रूपांतर ‘इयत्तेत’ करतात. वरच्या इयत्तांत एका वर्षात होणारी वाढच लहान असते, त्यामुळे चार-दोन प्रश्न अधिक बरोबर आले तरी मूल वर्षभर पुढे सरकल्यासारखे दिसते. शिवाय चाचणी दुसऱ्यांदा देण्याचा सरावही असतो. तेव्हा या प्रयोगाचे खरे फलित ३.४ वर्षे हे नव्हे. दोन गटांतील फरक हे त्याचे फलित, आणि त्या फरकालाही ‘वर्षे’ म्हणताना जपून बोलावे. तुलनेचा गट वगळून सांगितलेला आकडा हा निम्मा आकडा असतो, हे आपण आठवीच्या विज्ञानाच्या तासाला शिकवतो. शिक्षणाबद्दल बोलताना मात्र आपणच ते विसरतो.

पुढे १९८२ मध्ये पीटर कोहेन, जेम्स कुलिक आणि चेन-लिन कुलिक यांनी अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. धाकट्यांचे गुण मोजलेल्या ५२ अभ्यासांपैकी ४५ मध्ये मदत मिळालेली मुले पुढे होती. थोरल्यांचे गुण मोजलेल्या ३८ पैकी ३३ मध्ये शिकवणारे पुढे होते. सरासरी परिणाम धाकट्यांवर ०.४० आणि थोरल्यांवर ०.३३ प्रमाण विचलन इतका. साध्या भाषेत सांगायचे तर शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभे असलेले धाकटे मूल सुमारे ६६ व्या स्थानापर्यंत सरकते आणि थोरले सुमारे ६३ व्या. चमत्कार कोणताच नाही, पण फायदा खरा आहे. कामाची आखणी नीट ठरलेली होती अशा कार्यक्रमांत तो अधिक दिसला.

याच परंपरेतला तिसरा प्रयोग टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे १९८४ साली सुरू झाला. शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या वरच्या वर्गांतील मुलांनाच तेथे लहानांचे शिक्षक नेमले. एकाकडे तीन मुले, आठवड्याला चार तास, कायद्याने ठरलेले किमान वेतन, आणि आठवड्यातून एकदा त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग. दोन वर्षांनंतर या १०१ जणांपैकी शाळा सोडलेले सुमारे १ टक्का निघाले, तर तुलनेच्या ९३ जणांपैकी १२ टक्के. कार्यानुभव म्हणून ही योजना आम्हाला सर्वांत जवळची वाटते, कारण तिने कामाला काम म्हटले आणि मोबदला दिला. हुशार मुलांनाच अशा कामासाठी निवडण्याच्या आपल्या सवयीलाही ती चांगला धक्का देते.

तरीही आपला पहिला प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. या कार्यक्रमाची कीर्ती ज्या आकड्यांवर झाली ते थोरल्यांचे आहेत. थोरल्याला शाळेत टिकवण्यासाठी धाकट्याचा वर्ग हे औषध ठरले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण औषध म्हणून वापरलेल्या त्या तीन मुलांचे वाचन किती सुधारले, हे तितक्याच आस्थेने मोजायला हवे.

चूक कशी दिसते?

शिकवणाऱ्याचा फायदा नेमका कशातून होतो? ‘शिकवले की आपोआप कळते’ असे आपण म्हणतो. पिट्सबर्ग विद्यापीठातील रॉड रॉस्को आणि मिशेलीन ची यांनी २००७ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यांना आढळले, की विद्यार्थी-शिक्षक बहुतेक वेळ आपल्याला जे ठाऊक आहे ते फक्त सांगतात. अशा सांगण्यातून त्यांच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. भर पडते ती समोरच्याच्या प्रश्नाने अडखळून, स्वतःची समजूत तपासून पुन्हा मांडावी लागते तेव्हा. म्हणजे फायदा अडखळण्यात आहे. आणि अडखळायचे तर समोरच्या लहान मुलाचे बोलणे ऐकावे लागते.

एक उदाहरण घेऊ. तिसरीच्या मुलाला ५२ मधून ३८ वजा करायला सांगितले. एकाने उत्तर लिहिले २६, दुसऱ्याने २४. नववीचा दादा दोघांच्याही उत्तरावर फुली मारतो, हातचा घेऊन वजाबाकी करून दाखवतो आणि पुढे जातो. पण या दोन चुका वेगळ्या आहेत. २६ लिहिणाऱ्याने आठातून दोन काढले आणि पाचातून तीन. ‘लहान संख्या मोठीतून वजा करायची’ हे आपणच त्याला पहिलीत शिकवले होते, ते त्याने इमानाने पाळले. २४ लिहिणाऱ्याने हातचा बरोबर घेतला, पण पाचाचे चार करायला तो विसरला. पहिल्याला दशक फोडणे म्हणजे काय हे काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायला हवे. दुसऱ्याला फक्त एक आठवण पुरेल. दोघांना एकच औषध देणारा वैद्य आपण पसंत करणार नाही.

अशा चुकांमागे बहुधा काही नियम असतो, हे जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीचाच अभ्यास करून सविस्तर दाखवले. त्यांनी ‘बगी’ नावाचा संगणक-खेळ तयार केला होता. संगणक एखाद्या ठरावीक चुकीच्या नियमाने वजाबाक्या करी आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी तो नियम ओळखायचा. आमच्या मते थोरल्या विद्यार्थ्याला लहानांच्या वर्गात करण्याजोगे खरे काम हेच आहे. संगणकाची गरज नाही, तिसरीच्या वह्या पुरतात.

मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. पहिली-दुसरीतले मूल ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिते. थोरल्याला वाटते, हे वेंधळे आहे. पण त्याने थोडा विचार केला तर त्याच्या लक्षात येईल, की ‘त्रेपन्न’ मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहिते आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचण्याची ‘पन्नास तीन’ अशी जोडपद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला, हे वाचकांना आठवत असेल. त्या वादातली बाजू कोणतीही घ्या, पण ज्या नववीच्या मुलीने दुसरीतल्या चार मुलांच्या वहीत ३५ पाहिले आणि त्याचे कारण शोधले, तिला भाषा आणि स्थानिक किंमत यांविषयी जे कळले ते कोणत्याही पाठातून कळले नसते.

येथेच या कार्यानुभवातला आणि इतर कार्यानुभवांतला फरक आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून जे शिक्षण उभे केले, त्यात मुले गावासाठी खरी कामे करतात. तेथे वेल्डिंगचा सांधा कच्चा राहिला तर तो निखळतो आणि करणाऱ्याला दिसतो. वस्तू स्वतःच परीक्षक असते. लहान मुलाच्या मनात कच्चा राहिलेला सांधा मात्र लगेच निखळत नाही. मूल मान डोलावते, थोरला खूश होतो, आणि तो कच्चेपणा दोन वर्षांनी भागाकारात उघडा पडतो. तोवर तो थोरला शाळेतून निघूनही गेलेला असतो. म्हणून या कामात चूक दाखवून देणारे अनुभवी डोळे शेजारी असावेच लागतात.

बालसखींचा दाखला

‘प्रशिक्षित शिक्षक हवाच’ हा आग्रह तर पोथीनिष्ठ नाही ना, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला मुंबईतच एक चांगला पुरावा आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिकेच्या शाळांत बालसखी कार्यक्रमाची चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, चाचणी झाली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, माध्यमिक शिक्षण झालेली तरुण मुलगी. ती मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ झाली. फायदा झाला तो मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांना.

म्हणजे पायाभूत वाचन आणि अंकगणित शिकवायला पदविका हवीच असे नाही. हे मोकळ्या मनाने मान्य करावे. पण त्याच अहवालातील इतर गोष्टीही वाचाव्यात. बालसखींना सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण होते, मानधन होते, काम नेमके ठरलेले होते आणि वर्गशिक्षक आपल्या जागी होते. आणि कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने फायदा ०.१० च्या आसपास उतरला होता. थोडक्यात, तरुण मदतनीस उपयोगी पडतो, पण पाठीशी चालती शाळा असावी लागते आणि मदत चालू राहावी लागते.

आपल्या शाळेत करायचे तर

कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव हा शब्द शिक्षणात आणला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्याचे रूप दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची कल्पना मांडली आणि विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याचाही पुरस्कार केला. धोरणातले ते वाक्य मात्र शेवटपर्यंत वाचावे. हे काम ऐच्छिक, आनंददायी, सुरक्षिततेची काळजी घेऊन आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे, असे तेथे म्हटले आहे. वाक्याचा पहिला भाग अमलात येतो आणि दुसरा कागदावर राहतो, असे होऊ नये.

तसे होण्याची भीती खरी आहे. जनगणना, निवडणूक यांसारख्या कामांना शिक्षकाला पाठवण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यातच आहे. दोन शिक्षकी शाळेत एक गेला की दोन वर्ग उघडे पडतात. शेजारच्या माध्यमिक शाळेतून दोन शहाण्या मुली बोलावल्या की वर्ग शांत बसतो. त्या दिवसापुरते हे समजण्यासारखे आहे. पण त्याला कार्यानुभव हे नाव दिले की रिकाम्या जागेचा प्रश्न झाकला जातो. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण कायद्याने ठरवले आहे. त्या हिशेबात नववीची मुलगी धरता येणार नाही.

‘मुली बोलावल्या’ हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले. अशा कामाला पहिली आठवण मुलींची होते. घरी धाकटे भावंड कडेवर घेऊन जिचा अभ्यास बुडतो, तिलाच शाळेतही ‘तुला लहान मुलांची आवड आहे’ म्हणून बालवर्गात बसवायचे आणि तिच्या वर्गातल्या मुलांना सुतारकामाला न्यायचे, यात तिला नवा अनुभव कोणता मिळाला? मुलगे आणि मुली, पुढचे आणि मागचे, सर्वांना आळीपाळीने ही संधी मिळावी. सॅन अँटोनिओचा धडा आपल्याकडेही खरा ठरण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट शिस्तीची. थोरला मुलगा वर्गात उभा राहिला की त्याला स्वतःला जे शिक्षक भेटले त्यांची नक्कल करतो. पट्टी हातात घेतो, कान धरतो, ‘एवढेही येत नाही?’ म्हणतो. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कायद्याने बंदी आहे आणि ती बंदी विद्यार्थ्याच्या हातून होणाऱ्या शिक्षेलाही लागू आहे असेच शाळेने समजावे. पहिल्या दिवशी हे स्पष्ट सांगावे.

बाकीच्या अटी वरच्या पुराव्यातूनच निघतात. एका थोरल्याकडे एक, फार तर तीन मुले. वर्गशिक्षक त्याच खोलीत. काम लहान आणि ठरलेले, जसे की सहा आठवडे फक्त हातच्याची वजाबाकी, किंवा फक्त जोडाक्षरे असलेल्या गोष्टींचे मोठ्याने वाचन. ‘जा, त्यांना शिकव’ हे काम नव्हे. आणि आठवड्यातून एक तासिका थोरल्यांसाठी, जिच्यात ते आपले अडखळणे शिक्षकांपुढे मांडतील. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कात्री लागली ती याच तासिकेला, म्हणून वेळापत्रकात ती सर्वांत आधी लिहावी.

याला साधन म्हणून एक चाळीस पानी वही पुरेल. थोरल्याने प्रत्येक तासानंतर तिच्यात तीन ओळी लिहायच्या. मुलाने काय उत्तर दिले, ते तसे का दिले असावे, आणि ते खरे आहे का हे पाहण्यासाठी उद्या कोणता प्रश्न विचारणार. निरीक्षण, तर्क आणि पडताळा! आपण विज्ञानाच्या प्रयोगवहीत वर्षानुवर्षे ज्याची नुसती नक्कल उतरवून घेतो, ते येथे खरोखर घडू शकते. जोडीला धाकट्याची सुरुवातीची आणि सहा आठवड्यांनंतरची उत्तरपत्रिका जपून ठेवावी, आणि शक्य असेल तर मदत न मिळालेल्या तितक्याच मुलांचीही. म्हणजे पुढच्या बैठकीत ‘फार छान उपक्रम झाला’ एवढ्यावर थांबावे लागणार नाही.

ज्या शाळेत ही वही वाचायला कोणाला वेळ नाही, त्या शाळेने हा उपक्रम यंदा सुरू करू नये. तेथे थोरले मूल फक्त राखण करील आणि धाकटे फक्त राखले जाईल. जेथे वेळ आहे तेथे मात्र जूनची वाट न पाहता सुरुवात करावी. तिसरीतल्या वजाबाकीच्या दहा वह्या आणि नववीतली पाच मुले एवढे भांडवल कोणत्याही गावात मिळते.